खडूवरचे गवत

दक्षिण इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात, स्टोनहेंजच्या पश्चिमेला काही किलोमीटरवर, पार्सनेज डाउन हा राखीव माळ आहे. डाउन म्हणजे झाडोरा नसलेली, गवताने झाकलेली बुटकी टेकाडे. इथे पायाखाली खडू असतो. क्रेटेशियस काळाच्या उत्तरार्धात, सुमारे 10 ते 6.6 कोटी वर्षांपूर्वी, उथळ उबदार समुद्रात सूक्ष्म शैवालांच्या चुनखडी चकत्या थरावर थर साचत गेल्या. त्यांचाच हा पांढरा, ठिसूळ खडक झाला. त्यावर मातीचा थर जेमतेम वीतभर. पाऊस पडतो तसा खाली झिरपून जातो आणि पिकाला लागणारे नत्र-स्फुरद तर नावालाच.

शेतकऱ्याने पाठ फिरवावी अशी ही जमीन, पण तिचे सारे वैभव या कसहीनतेतच आहे. कसदार जमिनीत दोन-चार जोमदार गवते बाकीच्यांना सावलीत घुसमटून टाकतात. खडूवर एकालाही एवढे बळ येत नाही, म्हणून सगळ्यांना थोडी थोडी जागा मिळते. चांगल्या जुन्या खडू-कुरणात एका चौरस मीटरमध्ये चाळीसपर्यंत जातींच्या वनस्पती सापडतात. रानथाइमचा वास, हॉर्सशू व्हेचची पिवळी फुले, कळ्यांचा शेंडा जळल्यासारखा दिसतो ते चिमुकले बर्न्ट टिप ऑर्किड, हे सारे गुडघे टेकून, नाक गवताजवळ नेले तरच नीट कळते.

हे कुरण निसर्गाने एकट्याने घडवलेले मात्र नाही. मोकळे सोडले तर काही दशकांत हॉथॉर्नची काटेरी झुडपे त्याचा ताबा घेतील. शतकानुशतके ते मेंढ्यांच्या दातांनी राखले. दिवसा कळप डाउनवर चरत आणि रात्री खालच्या शेतात हेझेलच्या काड्यांचे तट्टे उभारून कोंडले जात. लेंडी-मूत शेतात पडे आणि पीक येई. महाराष्ट्रात धनगर वाघर लावून शेतात मेंढरे बसवतात, तोच हिशोब. म्हणजे टेकडीचा उरलासुरला कसही रोज संध्याकाळी मेंढ्यांच्या पोटातून खाली उतरत होता, आणि टेकडी गरीब राहिली म्हणूनच फुलत राहिली.

विसाव्या शतकात ही साखळी तुटली. रासायनिक खत आले आणि मेंढ्यांच्या लेंडीची गरज संपली. दुसऱ्या महायुद्धात धान्यासाठी जुनी कुरणे नांगराखाली गेली, आणि तेव्हापासून ब्रिटनमधली सुमारे 80 टक्के खडू-कुरणे नष्ट झाली. 1953 मध्ये मिक्सोमॅटोसिस हा सशांचा रोग ब्रिटनमध्ये पोहोचला. गवत कुरतडणारे ससे बहुसंख्येने मेले आणि उरलेल्या उतारांवर गवत माजले. त्याचा फटका अॅडोनिस ब्लू या निळ्याशार फुलपाखरालाही बसला. त्याची अळी फक्त हॉर्सशू व्हेच खाते आणि तिला ऊन थेट जमिनीवर पडेल इतके आखूड गवत लागते. मुंग्या तिची राखण करतात आणि मोबदल्यात तिच्या अंगातून पाझरणारा गोड रस पितात. गवत वाढले की जमीन गारठते आणि हा सगळा संसार मोडतो.

पार्सनेज डाउन वाचले ते शेतीमुळेच. तिथल्या शेतकऱ्याने रासायनिक खताचा सोस धरला नाही आणि जुन्या पद्धतीने गुरे-मेंढ्या चारल्या. पुढे हा माळ राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र झाला, तरी चराई थांबली नाही. लांब, वाकड्या शिंगांची इंग्लिश लाँगहॉर्न गुरे इथे वर्षानुवर्षे चरली. मेंढी गवत मुळाशी कुरतडते, तर गाय जिभेने वेढून उपटते आणि मागे उंच झुपके ठेवते. मार्श फ्रिटिलरी या फुलपाखराला असे थोडे उंच गवतच हवे असते, कारण त्याच्या अळ्या त्यातल्या डेव्हिल्स-बिट स्केबियस या रोपावर वाढतात. त्यामुळे किती जनावरे, कोणत्या महिन्यात, कुठे, हे दरवर्षी माळ पाहून ठरवावे लागते. उन्हाळ्यात जास्त चारले तर बी धरण्याआधीच फुले संपतात आणि कमी चारले तर वाळके गवत साचते. पिवळ्या कुरण-मुंग्यांची वारुळे इथे माळभर आहेत. ती पिढ्यान्‌पिढ्या वाढत असल्याने नांगर न फिरलेल्या जमिनीची ती खूणच ठरतात.

मोडलेले कुरण पुन्हा उभे करता येते का? जवळच विंटरबोर्न डाउन्स येथे पक्षीसंरक्षण संस्था आरएसपीबीने धान्याच्या शेतांत रानफुलांचे बी पेरून कुरण वसवले आहे. फुले आली, फुलपाखरेही आली. तरी जुन्या माळाची बरोबरी लांबच आहे. याच भागातल्या सॅलिसबरी मैदानावर कधीकाळी नांगरून सोडून दिलेल्या जमिनींचा अभ्यास झाला, तेव्हा शंभराहून अधिक वर्षे उलटल्यावरच तिथले गवत जुन्या कुरणासारखे दिसू लागते असे आढळले.