दुखरा पाय

आमच्या घरी देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला एक कांस्यपदक लटकते आहे. गतवर्षी आंतरमहाविद्यालयीन ज्यूदो स्पर्धेत ते मला मिळाले. आबांनी ते तिथे लावले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते हौसेने दाखवू लागले. मी मात्र त्या भिंतीकडे पाहायचे टाळतो. का टाळतो, हे सांगायचे तर आधी यासुहिरो यामाशिताची हकिकत सांगायला हवी.

मी ज्यूदो शिकू लागलो तेव्हा सरांनी पहिले पंधरा दिवस नुसते पडायलाच शिकवले. मला हसू येई. आबा जत्रेच्या फडात कुस्त्या खेळलेले; त्यांच्या लेखी पाठ लागली की सारे संपले! पण जिगोरो कानो यांनी १८८२ साली जपानात उभ्या केलेल्या या विद्येचा पायाच मुळी नीट पडण्याचा. सरांनीच एकदा यामाशिताचे नाव सांगितले आणि मी त्याच्याविषयी मिळेल ते वाचू लागलो.

यामाशिता १९५७ साली कुमामोतो प्रांतात जन्मला. १९७७ साली त्याने अखिल जपान अजिंक्यपद मिळवले, तेव्हा तो अवघा एकोणीस वर्षांचा होता. आज मी आहे तेवढाच! पुढे सलग नऊ वर्षे ते पद त्याने कोणाला दिले नाही. १९७७ च्या ऑक्टोबरपासून १९८५ साली निवृत्त होईपर्यंत तो एकदाही हरला नाही. काही लढती बरोबरीत सुटल्या, पण विजय भरले २०३. जागतिक स्पर्धांत चार सुवर्णपदके झाली. राहिले होते फक्त ऑलिंपिक.

१९८० साली मॉस्को ऑलिंपिकवर जपानने बहिष्कार टाकला. त्याच वर्षी मायदेशातल्या एका लढतीत प्रतिस्पर्ध्याच्या कैचीत सापडून त्याचा पाय मोडला. मग चार वर्षे थांबणे आले. १९८४ साली लॉस एंजेलिसला, वजनाची मर्यादा नसलेल्या खुल्या गटात तो उतरला, आणि पश्चिम जर्मनीच्या श्नाबेलशी खेळताना त्याच्या उजव्या पोटरीचा स्नायू दुखावला. ती लढत त्याने जिंकली, पण मॅटवरून तो लंगडतच उतरला. दुखणे आता साऱ्या जगाला दिसले होते. उपांत्य लढतीत फ्रान्सच्या देल कोलोंबोने त्याला आरंभीच खाली पाडले. तरी त्याने ती लढतही फिरवली.

अंतिम लढतीत समोर आला इजिप्तचा मोहम्मद अली रशवान. यामाशिताने त्याला खाली घेतले आणि आडव्या पकडीत दाबून धरले. त्या काळी पूर्ण गुणाला तीस सेकंद लागत. ती भरली आणि यामाशिता रडू लागला. आपण दुखरा पाय मुद्दाम टाळला, असे रशवानने नंतर सांगितले. त्याच्या खिलाडूपणाचा पुढे गौरवही झाला. चित्रफीत बारकाईने पाहणाऱ्यांत मात्र याबाबत मतभेद आहेत. एका गोष्टीबद्दल मतभेद नाहीत : यामाशिताला विजयमंचावर चढणे अवघड जात होते, तेव्हा हरलेल्या रशवानने त्याला हात दिला.

आता माझी लढत. तिसऱ्या क्रमांकासाठी समोर आलेल्या मुलाच्या डाव्या गुडघ्याला पट्टी होती. मी पहिल्यापासून तोच पाय हेरला. तीनदा झटका दिला. चौथ्यांदा तो पाठीवर कोसळला. नियमाबाहेर काहीच नव्हते. कच्चा दुवा शोधायचा नाही, तर खेळात शोधायचे काय? हा प्रश्न मी स्वतःला वकिलासारखा पुष्कळदा विचारला आहे, आणि त्याला उत्तर नाही असेही मला वाटते. पण तो मुलगा कसाबसा उठला, वाकून नमस्कार केला आणि दोघा सोबत्यांच्या खांद्यावर हात टाकून गेला. मी दोन हातांवर उभा होतो आणि टाळ्या कुठून येताहेत ते पाहत होतो! डावाचे समर्थन मला करता येते. त्या उभे राहण्याचे करता येत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आबांना सहज विचारावे तसे विचारले, "आबा, फडात जोडीदाराचा पाय दुखावलेला असला तर तुम्ही काय करायचा?"

"दुखावलेल्याशी कसली रं कुस्ती? सोडवून घ्यायची," आबा म्हणाले. मग माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिले. पुढे काही विचारले नाही.

पदक अजून तिथेच आहे; पण आलेल्या पाहुण्यांना ते आता दाखवत नाहीत.

यंदाच्या स्पर्धेत तो मुलगा दिसला नाही. त्याच्या महाविद्यालयाच्या पत्त्यावर मी पत्र टाकले आहे. गुडघा कसा आहे, एवढेच विचारले आहे. बाकीचे भेटल्यावर सांगेन. उत्तर अजून आलेले नाही.