चारशे की सहाशे?

मी लेन्स घेतली ही बातमी आमच्या गोतावळ्यात पोचल्यापासून मला दोन प्रकारचे फोन येताहेत. एक, "या वयात हे काय नवीन खूळ?" असं विचारणाऱ्यांचे. (हे बहुतेक सगळे माझ्याहून लहान आहेत!) आणि दुसरे, "घेतलीच होती तर सहाशेची का नाही घेतली?" असं विचारणाऱ्यांचे. प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावं, म्हणून हा प्रपंच. जन्मभर शाळेत शिकवलं, त्यामुळे थोडं फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं होईल, ते चालवून घ्या.

आधी कारण सांगते. आमच्या ह्यांना पक्ष्यांचं वेड फार जुनं. आमचं घर गुलमंडीला, सुपारी हनुमानाच्या मंदिरापासून हाकेच्या अंतरावर. तिथे कबुतरं, कावळे आणि वर फिरणाऱ्या घारी, एवढीच पक्षिसंपदा. पण पैठण काही फार लांब नाही, पन्नास-पंचावन्न किलोमीटर. जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी बसवली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी त्याचं उद्घाटन केलं. नाथसागर भरला तसे उथळ काठांवर दर हिवाळ्यात हजारो पाहुणे उतरू लागले, आणि १९८६ साली तिथे पक्षी अभयारण्य जाहीर झालं. आम्ही रविवारी पहाटेची एसटी पकडून जात असू. हे दुर्बीण घेऊन काठावर, आणि मी तपासायच्या वह्यांचा गठ्ठा घेऊन बाभळीखाली. चांदवा नावाच्या काळ्या पाणपक्ष्याला आपल्याकडे वारकरीही म्हणतात, हे ह्यांनी मला तिथेच सांगितलं. एकनाथ महाराजांच्या गावी वारकऱ्यांचे थवे पाण्यावर! मला ते नाव इतकं आवडलं की मी वर्गातसुद्धा सांगत असे.

दोन-अडीच वर्षांपूर्वी ह्यांना दृष्टिपटलाचा आजार निघाला. मॅक्युलर डिजनरेशन म्हणतात त्याला. यात दृष्टीचा मधला भाग पुसट होत जातो, कडेचं दिसत राहतं. चालता-फिरता येतं, पण वाचणं आणि चेहरे ओळखणं अवघड होतं. दुर्बिणीत सगळा खेळ त्या मधल्या भागाचाच, त्यामुळे दुर्बीण कपाटात गेली. ह्यांनी तक्रार केली नाही. एवढंच म्हणाले, "आता तू बघ आणि मला सांग."

तर मी बघू लागले आणि सांगू लागले. मराठी शिकवण्यात आयुष्य गेलं, पण पक्ष्याचं वर्णन करणं किती अवघड आहे ते तेव्हा कळलं. हे विचारत, "चोच वर वळलेली की खाली? पाय पिवळे की हिरवट? उडताना पंखावर पांढरा पट्टा दिसतो का?" मी उत्तर शोधेपर्यंत पक्षी उडून जाई. फोटो मात्र उडत नाही. तो घरी आणून कॉम्प्युटरच्या पडद्यावर मोठा केला की हे जवळ बसून, नजर जराशी बाजूला ठेवून, अजून पुष्कळ काही ओळखतात. म्हणून लेन्स. हौस आहेच, पण कारण हे आहे.

कॅमेरा भाच्याने दिला. त्याने स्वतःसाठी मिररलेस घेतला आणि जुना निकॉन माझ्याकडे आला, चोवीस मेगापिक्सेलचा. सोबतची लेन्स घरगुती समारंभाची, तिच्यात चक्रवाक म्हणजे पाण्यावरचा एक केशरी ठिपका. भाचा म्हणाला, "मावशी, डोळे झाकून दीडशे-सहाशे घे." आता, डोळ्यांसाठीच घ्यायची वस्तू डोळे झाकून कशी घ्यायची?

लेन्सवर लिहिलेले मिलिमीटर म्हणजे तिचं नाभीय अंतर, आपल्या शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं. जेवढं नाभीय अंतर जास्त, तेवढी आतल्या सेन्सरवर पडणारी प्रतिमा मोठी. माझ्या एका जुन्या सहकाऱ्यांनी (ते गणिताचे) हे मला समरूप त्रिकोण काढून दाखवलं. पक्ष्याची लांबी गुणिले नाभीय अंतर, भागिले पक्ष्याचं आपल्यापासूनचं अंतर. चक्रवाक धरा साठ सेंटिमीटर, आणि तो आहे साठ मीटरवर. चारशेच्या लेन्सने त्याची प्रतिमा चार मिलिमीटर, सहाशेने सहा. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे चोवीस मिलिमीटर रुंद, म्हणजे चारशेने पक्षी चौकटीचा सहावा भाग व्यापतो आणि सहाशेने चौथा. ऐकायला चारशे फारच कमी वाटतं ना?

पण पुढचा हिशोब मी स्वतः केला. चोवीस मिलिमीटरमध्ये सहा हजार ठिपके, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये अडीचशे. चार मिलिमीटरचा चक्रवाक म्हणजे हजार ठिपके. आमच्या पडद्याची रुंदी १९२० ठिपक्यांची. म्हणजे आजूबाजूचं पाणी कापून टाकलं तर चारशेच्या लेन्सनेसुद्धा पक्षी अर्ध्याहून जास्त पडदा भरतो, आणि ह्यांना तेवढंच हवं आहे. सहाशेने दीड हजार ठिपके मिळाले असते, ते चांगलेच. प्रश्न एवढाच की त्या जादा पाचशे ठिपक्यांसाठी किती मोजायचं.

मोजायचं म्हणजे पैसेच नव्हेत, वजनही. लेन्सवर एफ पुढे जो आकडा असतो, त्याने नाभीय अंतराला भागलं की प्रकाश आत येण्याच्या वाटेचा व्यास कळतो. सहाशे भागिले ६.३ म्हणजे सुमारे पंचाण्णव मिलिमीटर. चारशे भागिले ६.३ म्हणजे त्रेसष्ट-चौसष्ट. तेवढी मोठी काच पुढे लावावीच लागते, त्यातून कुठल्याच कंपनीची सुटका नाही. म्हणून सिग्मा आणि टॅमरॉन यांच्या दीडशे-सहाशेच्या हलक्यातल्या लेन्सही दोन किलोच्या आसपास. निकॉनची दोनशे-पाचशे २.३ किलोची. आणि याच सिग्मा-टॅमरॉनच्या शंभर-चारशे मात्र सव्वा किलोच्या आत.

कागदावर न ठरवता प्रत्यक्ष पाहावं म्हणून दोन दिवसांसाठी दीडशे-सहाशे भाड्याने आणली. लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांना लेन्स भाड्याने देणारे आपल्या शहरात आहेत, हे मला या निमित्ताने कळलं. गच्चीच्या कठड्यावर तांदळाची पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवली, तर समोरच्या रांगेतल्या लांबच्या दुकानात टांगलेल्या साडीची किंमतसुद्धा वाचता आली! (किंमत वाचून साडी तिथेच राहू दिली.) पण घार आली आणि तिच्या मागे लेन्स फिरवायची वेळ आली, तेव्हा कॅमेऱ्यासकट जवळजवळ तीन किलो हातावर. सात-आठ मिनिटांत दंड भरून आले आणि चौकटीत घारीऐवजी नुसतं आकाश येऊ लागलं. लेन्समधली कंपन थोपवणारी यंत्रणा आपल्या हाताची थरथर सावरते, पण दमलेला हात वर उचलून धरत नाही. आणि पक्ष्याची हालचालही ती थांबवत नाही. त्याला शटरच वेगवान लागतं. बसलेल्या पक्ष्याला सेकंदाचा पाचशेवा भाग पुरतो, उडत्या बदकाला दोन हजारावा हवा.

दुसऱ्या दिवशी तीच लेन्स नाथसागरावर नेली. सकाळी नऊपर्यंत चित्रं सुरेख. दहानंतर ऊन तापलं, पाण्यावरची आणि चिखलावरची हवा हलू लागली, आणि दूरचे रोहित पक्षी पातेल्यातल्या वाफेआडून पाहिल्यासारखे लहरायला लागले. दोनशे मीटरवरचा पक्षी कितीही मोठ्या लेन्सने ओढून घ्या, मधली दोनशे मीटर हवा सोबत येतेच. म्हणजे लांबचं खरंखुरं स्पष्ट दिसण्याला पहाटेच हवी, आणि ती कुठल्याही दुकानात मिळत नाही.

हे सगळं जमेला धरून मी शंभर-चारशे घेतली, एकदा वापरलेली. तरी तीन महिन्यांची पेन्शन गेली. जुनी लेन्स घेताना दोन गोष्टी जरूर पाहा. मागून टॉर्च मारून आत बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे आहेत का ते, आणि आपल्याच कॅमेऱ्यावर लावून जवळची-लांबची वस्तू नेमकी टिपते का ते. घरी ती झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवते. पावसाळ्यात दमटपणा, उरलेल्या वर्षात धूळ, दोन्हींपासून बचाव.

एक मात्र सांगते, माझं उत्तर सगळ्यांचं उत्तर नव्हे. माझ्या पुतणीला मुलीच्या खो-खोचे फोटो काढायचे आहेत. तिला मी शंभर-चारशे घेऊ नकोस म्हटलं. खो-खोचे सामने संध्याकाळी रंगतात, खेळाडू वीस-पंचवीस मीटरवर असतात. तिथे लांब पल्ल्यापेक्षा प्रकाश महत्त्वाचा. सत्तर-दोनशे एफ २.८ ही लेन्स ६.३ वाल्यापेक्षा सुमारे पाचपट प्रकाश आत घेते, म्हणून तिथे तीच शहाणपणाची. ज्यांचे हात तरुण आहेत आणि ज्यांना लांबचे गरुड टिपायचे आहेत, त्यांनी खुशाल सहाशे घ्यावी. आधी काय, किती लांबून, कुठल्या उजेडात आणि कोणासाठी, हे ठरवावं. लेन्स आपोआप ठरते.

कमी पडलेले दोनशे मिलिमीटर मी कसे भरून काढते? पुढे सरकून नाही. पुढे गेलं की थवा उठतो, आणि हजारो मैल उडून आलेल्या जिवांना आपल्या फोटोसाठी पुन्हा उडायला लावणं मला पटत नाही. मी घडीचं स्टूल घेऊन झुडपाआड बसते, लेन्स एका पायाच्या स्टँडवर. अर्धा-पाऊण तास हललं नाही की शेकाट्या, थापट्या आपणहून जवळ येतात. वर्गात मुलं गप्प बसण्याची वाट पाहत उभी राहायची सवय इथे कामाला आली.

"किती वर्षं वापरणार?" असं धाकट्या जावेने विचारलं. प्रश्न वाजवी आहे. मी त्र्याहत्तर, हे एकोणऐंशी. ह्यांचे डोळे किती दिवस एवढे राहतील ते डॉक्टरांनी सांगितलं नाही, आणि आम्हीही खोदून विचारलं नाही. माझ्या मते हिशोब वर्षांचा नाही, हिवाळ्यांचा आहे, आणि हा एक तर हातात होता.

मागच्या आठवड्यात आणलेल्या फोटोंमध्ये राखाडी बदकासारखे चार मोठे पक्षी होते. मी नाव सांगितलं नाही, कारण मला ते ठाऊकच नव्हतं. एक फोटो मोठा केला. हे पडद्यापासून वीतभर अंतरावर मान तिरकी करून बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "डोक्यावर दोन काळे पट्टे आहेत. पट्टकादंब. हिमालय ओलांडून येतात हे." मी पाहिलं, दोनच होते. पांढऱ्या डोक्यावर एकाखाली एक, अगदी वहीत रेघा मारल्यासारखे. मग चहा होईपर्यंत ह्यांनी मला तिबेटातल्या तळ्यांबद्दल सांगितलं, आणि उरलेले एकशे बारा फोटो आम्ही रात्री जेवणानंतर पाहायचे ठरवले.