आधी धुराडे, मग शेगडी

विस्तव घरात आणणे सोपे आहे; विस्तवाने वापरून टाकलेली हवा घराबाहेर घालविणे कठीण आहे. आमच्या जुन्या घरांत हे काम कौले करीत असत. चुलीचा धूर कौलांच्या फटींतून निघून जाई. वासे काळे पडत, गृहिणीचे डोळे चुरचुरत, तिच्या छातीलाही तो धूर बाधत असे. परंतु निदान तो दिसत होता व त्याला वर जाण्यास वाट होती. आता घरावर स्लॅब आला, खिडक्यांना काचा आल्या, दारे घट्ट बसू लागली. धुराची वाट बंद झाली आणि विस्तव मात्र घरात राहिला. कोळशाची शेगडी राहिली, न्हाणीघरात गॅसचा गीझर आला. म्हणून आज आम्ही विस्तवाविषयी थोडे व धुराड्याविषयी अधिक लिहिणार आहोत.

या विचारास निमित्त भोपाळच्या एका घराचे झाले. आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब तीन पिढ्यांपूर्वी रेल्वेच्या नोकरीमुळे तिकडे गेले व तिकडचेच झाले. सध्या त्या घरचे कर्ते चिरंजीव मध्य प्रदेश सरकारच्या सेवेत असून चार इमली या भागातील सरकारी बंगल्यात राहतात. चार इमली म्हणजे चार चिंचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन भोपाळ राजधानी झाली, तेव्हा जुन्या राजधानीतून, म्हणजे नागपुराहून, अनेक मराठी कर्मचारी तेथे गेले. त्यामुळे त्या शहरात मराठी कानी पडणे नवलाचे नाही. गेल्या वर्षी दोन वेळा, एकदा ऐन थंडीत व पुढे दिवाळीनंतर, कामानिमित्त आमचे तिकडे जाणे झाले व मुक्काम याच घरी पडला.

भोपाळची थंडी आमच्या किनाऱ्यावरील वाचकांस ठाऊक नसेल. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तपमान १० अंश सेल्सिअसच्या खाली उतरते व काही रात्री ५ अंशांच्या आसपास येते. उंच छताच्या बंगल्यात ही थंडी हाडांपर्यंत जाते. घरातील आजी पंचाहत्तरीच्या घरातल्या. त्यांना दम्यासारखा त्रास. थंडीत तो वाढतो. मुलाला वाटले, आईच्या खोलीत गॅसवर चालणारी भिंतीतली शेगडी, म्हणजे ज्यास इंग्रजीत ‘फायरप्लेस’ म्हणतात ती, बसवावी. सूनबाईंनी विजेचा हीटर सुचविला. परंतु एकदा तो लावून पाहिला तेव्हा उंच खोली तापेना आणि जुन्या तारा मात्र तापू लागल्या. मग गॅसचीच शेगडी, असे मुलाच्या मनाने घेतले. आजी ऐकेनात.

“फादर,” त्या आम्हांस म्हणाल्या, “या घरात गॅस स्वयंपाकापुरता. माझ्या खोलीत नको. कोळशाची शेगडी ठेवा. कोळसा माझ्या ओळखीचा आहे.”

भोपाळमध्ये ‘गॅस’ हा शब्द उच्चारला की जुन्या माणसांच्या चेहऱ्यावर काय उमटते हे पाहिल्यावाचून समजत नाही. १९८४ सालच्या २ व ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुमारे ४० टन बाहेर पडला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्या वेळी आजी रेल्वे स्थानकाजवळच्या वसाहतीत राहत होत्या. दोन मुलांना घेऊन त्या रात्री त्या धावल्या. मुले वाचली; छाती मात्र तेव्हापासून अधू झाली ती झालीच. त्या दिवसापासून आजी खोलीची एक खिडकी बोटभर उघडी ठेवूनच निजतात, मग थंडी कितीही असो. त्या खिडकीवरूनच आई-मुलाचा वाद चालला होता. मुलगा म्हणे, खिडकी लावल्यावाचून खोली तापणार नाही. आई म्हणे, खिडकी लावली तर मला झोप येणार नाही.

आम्हांस निवाडा करण्यास सांगण्यात आले. शाळेत शिकलेले रसायनशास्त्र सेमिनरीतील तत्त्वज्ञानाने अगदीच पुसून टाकलेले नाही, म्हणून आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

स्वयंपाकाचा गॅस हा मुख्यतः प्रोपेन व ब्यूटेन यांचे मिश्रण होय. भोपाळच्या त्या विषाशी त्याचे नावापलीकडे नाते नाही. परंतु तो जळतो तेव्हा काय होते ते पाहावे. एक किलो गॅस जळण्यास सुमारे १३ घनमीटर हवा लागते. त्यातून सुमारे ३ किलो कार्बन डायऑक्साइड व दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ निर्माण होते. म्हणजे १४.२ किलोचा एक सिलिंडर बंद खोलीत जाळला, तर सुमारे २२ लिटर पाणी त्या खोलीच्या हवेत, भिंतींत व अंथरुणात जाते. आणि खोलीतील ताजी हवा कमी पडू लागली की ज्योत अर्धवट जळते व कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅस गळला तर कळावे म्हणून सिलिंडरमधील गॅसात उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. या वायूला तसली काहीच खूण नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. प्रथम डोके दुखते, मळमळते, मग गुंगी येते. ज्याला गुंगी आली तो उठून दार उघडू शकत नाही.

आता आजींच्या ओळखीचा तो कोळसा घ्या. निखारे फुलले की धूर दिसेनासा होतो, म्हणून माणसाला वाटते की आता भय संपले. खरे पाहता निखाऱ्यांतूनच कार्बन मोनॉक्साइड मुबलक निघतो. दर हिवाळ्यात उत्तर हिंदुस्थानातून बंद खोलीत शेगडी पेटवून निजलेली माणसे सकाळी उठलीच नाहीत, अशा वार्ता येतात. तेव्हा आजींना ज्याचे भय होते त्याहून, ज्याचा भरवसा होता तेच त्या खोलीत अधिक घातक होते. मात्र त्यांची ती बोटभर उघडी खिडकी! ती भीतीपोटी उघडी राहिली असेल, पण शास्त्राच्या दृष्टीने त्या घरातील सर्वांत शहाणी गोष्ट तीच होती. हे आम्ही मुलासमक्ष सांगितले, तेव्हा आजींचा चेहरा पुष्कळ दिवसांनी मोकळा झाला, असे सूनबाई मागाहून म्हणाल्या.

मग शेगडी कोणती घ्यावी हा प्रश्न आला. गॅसच्या भिंतीतील शेगड्या तीन जातींच्या असतात. पहिली धुराड्यावाचूनची. विक्रेता हिचीच शिफारस करीत होता, कारण भिंत फोडावी लागत नाही व किंमतही कमी. परंतु ही जे काही जाळते ते सारे खोलीतच सोडते. अधू छातीच्या माणसाच्या खोलीत ती ठेवणे आम्हांस पटले नाही. दुसरी उघड्या तोंडाची, उभ्या धुराड्याची. पंचमढीच्या इंग्रजी अमदानीतील बंगल्यांत लाकडाच्या अशा शेगड्या आहेत. त्या देखण्या खऱ्या. पण त्यांची बहुतेक ऊब धुराड्यावाटे आकाशाला मिळते. १७९६ साली काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाने धुराड्याचा गळा अरुंद करून व बाजूच्या भिंती तिरप्या बांधून हा दोष पुष्कळ कमी केला, तरी खोलीतील हवा ओढून घेण्याचा तिचा स्वभाव गेला नाही. शिवाय तिच्यासाठी छपराच्या वर जाणारे विटांचे धुराडे बांधावे लागते, आणि सरकारी बंगल्यात ते बांधणार कोण?

तिसरी जात काचबंद शेगडीची. हिच्या तोंडावर पक्की बसविलेली काच असते आणि मागून एकात एक बसविलेले दोन नळ बाहेरच्या भिंतीतून आरपार जातात. बाहेरच्या मोठ्या नळातून बाहेरची हवा ज्योतीला मिळते. आतल्या लहान नळातून जळलेली हवा बाहेर जाते. खोलीतील हवेला ही शेगडी हात लावीत नाही. ऊब तेवढी काचेतून व पत्र्यातून आत येते. खिडकी उघडी असो वा बंद, ज्योतीच्या श्वासोच्छ्वासाशी तिचा संबंध नाही. आई-मुलाच्या वादाचे उत्तर या दोन नळांत होते.

बेत ठरला तो धुराड्यापासून. प्रथम बंगल्याला प्रदक्षिणा घालून जळलेली हवा कोठे सोडावी ते पाहिले. जागा अशी हवी की जवळ कोणाची खिडकी नाही, वर लाकडी पडवी नाही, समोर वेल किंवा झुडूप नाही आणि चालत्या माणसाचा हात सहज लागणार नाही. अशी जागा मागील अंगणाकडील भिंतीवर सापडली. तेव्हा शेगडीही त्याच भिंतीला असणार हे आपोआप ठरले. घर सरकारी, म्हणून भिंतीला एक गोल भोक पाडण्याची व घर सोडताना ते बुजवून देण्याची लेखी परवानगी चिरंजीवांनी आधी घेतली. शेगडी सिलिंडरच्या गॅसासाठी बनविलेली आहे ना, हेही पाहून घेतले. कारण नळाने येणाऱ्या नैसर्गिक वायूच्या शेगडीचे छिद्र मोठे असते व तीवर सिलिंडरचा गॅस लावणे धोक्याचे असते. स्वयंपाकाव्यतिरिक्त वापर असल्याने सिलिंडर कोणता घ्यावा हेही गॅसच्या वितरकास विचारून घेतले.

पावसाळा सरल्यावर काम झाले. गवंड्याने भोक पाडले, फिटरने नळ किंचित बाहेरच्या अंगाला उतरता बसविला, म्हणजे पावसाचे पाणी आत येऊ नये. बाहेरच्या तोंडावर जाळीची टोपी बसविली. न बसविली तर साळुंकी व चिमण्या पहिल्याच उन्हाळ्यात घरटे करतात आणि बंद झालेले धुराडे हे नसलेल्या धुराड्याहून वाईट. सिलिंडर बाहेर, उघड्या हवेत, उभा ठेवला. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून जवळ गटार किंवा खड्डा नाही हेही पाहिले. नळी भिंतीवरून, डोळ्यांसमोर आणली. एक चावी सिलिंडरपाशी व एक शेगडीपाशी. प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते तपासले. ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद करणारी झडप शेगडीतच होती; फिटरकडून ती विझवून दाखवून घेतली. काच फार तापते म्हणून नातवंडांसाठी पुढे जाळी ठेवली. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे छोटे यंत्र आजींच्या पलंगाजवळ, श्वासाच्या उंचीवर लावले.

शेगडी पेटली तेव्हा आजी खोलीत थांबल्या नाहीत. शाल पांघरून त्या मागील अंगणात गेल्या आणि त्या नळाच्या तोंडासमोर, हातभर अंतरावर, तळहात धरून उभ्या राहिल्या. ऊन, दमट हवा हाताला लागली. बराच वेळ त्या तशाच उभ्या होत्या. मग म्हणाल्या, “बाहेर सोडतेय खरी.” त्या रात्री त्या शेगडीजवळ बसल्या. खिडकी बोटभर उघडीच होती व ती लावावी असे कोणी म्हणाले नाही. सूनबाईंच्या हिशेबाने रोज संध्याकाळी तीन तास शेगडी लावली तर सुमारे किलोभर गॅस जातो. म्हणजे सिलिंडर पंधरवडाभर पुरतो.

आजींना केवळ ‘भिऊ नका’ असे सांगून भागले नसते. १९८४ च्या त्या रात्रीही कारखान्यात निसटलेला वायू शुद्ध करण्याचे यंत्र होते व तो जाळून टाकणारा उंच मनोराही होता. परंतु मनोऱ्याचा नळ काढून ठेवलेला होता व ते यंत्र त्या लोंढ्यापुढे निरुपयोगी ठरले. ज्याने एवढे भोगले त्याला शब्द पुरत नाहीत. वाट उघडी आहे हे त्याच्या हाताला कळावे लागते.

आमच्या खेड्यांत भिंतीतील शेगडी कोणी बसविणार नाही. परंतु न्हाणीघरातील गॅसचा गीझर घरोघर येत आहे, आणि लहानशा कोंदट न्हाणीत दार लावून त्याखाली स्नान करणारी आमचीच मुले-मुली आहेत. बाळंतिणीच्या खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून, वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या लावून घेण्याची रीतही अद्याप गेलेली नाही. या दोन्ही ठिकाणी चार इमलीच्या आजींचा कित्ता गिरवावा. गीझर न्हाणीच्या बाहेर बसवावा. ते शक्य नसेल तर त्याला बाहेर जाणारा नळ लावून घ्यावा, व खाली-वर उघडी झरोकी ठेवावी. बाळंतिणीला शेक द्यावयाचाच तर गरम पाण्याच्या पिशवीने द्यावा. निखारे खोलीत नकोत. स्नान करताना किंवा शेगडीपाशी कोणाचे डोके जड झाले, तर प्रथम त्यास मोकळ्या हवेत आणावे व मग कारण शोधावे. गॅसचा वास आल्यास दिव्याचे बटण दाबू नये, काडी ओढू नये. सिलिंडरची चावी बंद करून दारे उघडावी, घराबाहेर पडावे आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे.

या हिवाळ्यापूर्वी प्रत्येक घरच्या कर्त्याने एकदा आपल्या घराला बाहेरून प्रदक्षिणा घालावी, आणि आत जेवढे विस्तव पेटतात तेवढ्या वाटा बाहेर निघालेल्या आहेत की नाहीत, त्या मोजून पाहाव्या.