हिंजवडींतील आमचा समुद्र

घाटावरील हिंजवडींत समुद्र कोठून येणार! तरी मुलांच्या हट्टास्तव आम्हीं तो कांचेच्या टाकींत मांडला. लिटरमागें सुमारें ३५ ग्रॅम सागरी क्षार मोजून घातले, आणि दुसऱ्याच दिवशीं दोन मासे सोडले. आठवड्याच्या आंत दोन्ही मेले. धाकटी कन्या दोन दिवस आमच्याशीं बोलली नाहीं.

दोष आमच्या उतावळेपणाचा. माशांच्या मलमूत्रापासून अमोनिया हें विष उत्पन्न होतें. त्याचें आधीं नायट्राइट व मग त्यामानानें सौम्य नायट्रेट करणारे सूक्ष्म जंतु नव्या टाकींत वाढावयास कित्येक आठवडे लागतात. पुढें सहा आठवडे पाण्याची परीक्षा करीत थांबलों, आणि मग टाकींतच पैदास झालेली क्लाउन माशांची काटक जोडी आणिली. त्यांतील थोरली ती मादी. पाणी आटतें, क्षार आटत नाहींत. म्हणून भर गोड्या पाण्याचीच घालावी, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें. आमच्या घरीं तें काम धाकटीकडे आहे; आम्हांस टाकीला हात लावण्याची मनाई आहे.