अरण्यवाटेवरची विजेरी

खानापूर तालुक्यातील भीमगडच्या अरण्यात पावसाळी रात्र किती गडद असते, हे तेथे चालल्यावाचून उमगत नाही. गतवर्षी आषाढात एका वृद्धास रुग्णाभ्यंग देण्यासाठी मी त्या वाटेने निघालो. हाती नवी एलईडी विजेरी होती. वेष्टनावर १००० लुमेन छापलेले. परंतु धुक्यातील जलकणांवरून तो झोत उलट माझ्याच डोळ्यांवर आला. पुढे जणू पांढरी भिंत उभी राहिली. सोबतचा शेतकरी म्हणाला, "फादर, उजेड बारीक करा, हात खाली धरा." तसे करताच निसरडा साकव स्पष्ट दिसला.

हातात मावणारी विजेरी सर्वोच्च तेजावर काही मिनिटेच टिकते. तापली की आपोआप मंदावते. म्हणून वाचकहो, निवडताना केवळ लुमेन पाहू नयेत. मंद प्रकाशाची पायरी असावी, पाणी आत शिरू नये, आणि १८ मिलीमीटर जाडीचा, ६५ मिलीमीटर लांबीचा लिथियम सेल बदलता यावा. दुसरा भरलेला सेल डबीत जवळ ठेवावा.

आम्ही वेळेत पोहोचलो. वृद्धाने ख्रिस्तप्रसाद घेतला. पहाटे तो शांतपणे देवाघरी गेला. आम्हाला त्याच्या दारापर्यंत नेले ते पावलापुरत्या उजेडानेच.