वेल आणि गणेशपट्टी

बडोद्यात जुना वाडा पाडायला काढला की सगळ्यांत आधी जुन्या लाकडाचा व्यापारी येतो, बिल्डर मागाहून. आमच्याकडेही तसंच झालं. सागाचे चार खांब, आठ तोडे, वरच्या मजल्याचा कठडा आणि दर्शनी दाराची चौकट. या चौकटीच्या गणेशपट्टीवर गणपती नाही, पद्मासनातले तीर्थंकर आहेत आणि दोन्ही बाजूंना वेल. तरी सासूबाई तिला कायम गणेशपट्टीच म्हणत आल्या. घर जैनाचं असलं तरी बोली मराठीच ना! व्यापाऱ्याने पट्टीवरून बोट फिरवलं आणि खूश होऊन म्हणाला, "बेन, आनो तो होटेलमां सरस बार बनशे."

सासूबाई उठून आत गेल्या. जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. पैशाची गरज त्यांच्या घराला जास्त होती, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

आता खरं सांगायचं तर ती पट्टी म्हणजे काही प्रतिष्ठा झालेली प्रतिमा नव्हे. तिचा अभिषेक कधी झाला नाही, तिच्यापुढे कुणी अष्टद्रव्य मांडलं नाही. पण बाहेर पडताना सगळ्यांचे हात आपोआप जोडले जायचे. अशा वस्तूचं काय करायचं, हे कोणत्याही पोथीत लिहिलेलं नसतं. ते घरातल्या बायकांनाच ठरवावं लागतं.

माझी पुतणी इथल्याच विद्यापीठाच्या ललित कला शाखेत मूर्तिकला शिकली. जुन्या नक्षीवरून ती बाकं, स्टुलं, पडदे घडवते. बसायचं म्हटलं तर बाक, बघायचं म्हटलं तर शिल्प. लॉकवुड द फॉरेस्टचं नाव तिच्याकडूनच मी पहिल्यांदा ऐकलं. हा न्यूयॉर्कचा चित्रकार, जन्म 1850 चा. लग्न झालं 1880 मध्ये आणि नव्या नवरीला घेऊन हा हिंदुस्थानात आला. मधुचंद्राला आलेला माणूस ताजमहाल बघून परत जाईल, तर हा अहमदाबादच्या पोळींतल्या घरांचे तोडे आणि झरोके बघत बसला! तिथे त्याला भेटले मगनभाई हठीसिंग. अहमदाबादच्या दिल्ली दरवाजाबाहेर धर्मनाथ भगवानांचं संगमरवरी मंदिर आहे ना, 1848 चं, ते याच घराण्याचं. शेठ हठीसिंग काम पुरं होण्याआधीच गेले आणि त्यांच्या पत्नी हरकुंवर शेठाणींनी ते तडीला नेलं. (मंदिर मात्र शेठजींच्याच नावाने ओळखलं जातं. असो.)

द फॉरेस्ट आणि मगनभाई यांनी 1881 मध्ये अहमदाबादेत लाकडी कोरीवकामाचा कारखाना काढला. जुन्या घरांवरची, मशिदींच्या जाळ्यांवरची नक्षी उतरवून घ्यायची आणि मिस्त्रींकडून ती नव्या सागात कोरून घ्यायची. घराच्या दर्शनी भागावरचा तोडा मग न्यूयॉर्कच्या दिवाणखान्यात शेकोटीच्या चौकटीला लागायचा, जाळीची कपाटाची दारं व्हायची, इथला झोपाळा तिथे टांगला जायचा. त्या काळच्या अमेरिकेत हे अगदी नवं फर्निचर होतं, आपल्या जुन्या भिंतींवरून उचललेलं.

मुलाकडे न्यूयॉर्कला गेले तेव्हा मी हट्टाने हे सगळं पाहून आले. पूर्व दहाव्या रस्त्यावर सात नंबरचं त्याचं 1887 चं घर आहे. सगळा रस्ता विटांचा आणि मधेच एक सागाचा, कोरीव गवाक्षाचा सज्जा बाहेर आलेला. इतकी वर्षं त्याच्यावर बर्फ पडतोय, पण साग तो साग. मला क्षणभर मांडवीच्या बाजूला आल्यासारखं वाटलं. दुसरं ठिकाण अँड्र्यू कार्नेगी या पोलादसम्राटाचा वाडा, 1902 चा. त्यातली घरच्यांच्या वाचनाची खोली द फॉरेस्टने सजवली. आज तिथे कूपर ह्यूइट हे संग्रहालय आहे.

तिथून त्याच रस्त्याने चालत मेट्रोपॉलिटन संग्रहालयात गेले आणि वरच्या मजल्यावर माझे पाय थांबले. पाटणच्या वाडी पार्श्वनाथ मंदिराचा लाकडी मंडप तिथे उभा केलेला आहे. अकबराच्या काळातला. घुमटात वाजवणारे, नाचणारे, दिक्पाल, वर्तुळात वर्तुळ, वर वर चढत गेलेली. लॉकवुड आणि त्याचा भाऊ रॉबर्ट यांनी 1916 मध्ये तो भेट दिला. आम्ही दिगंबर, मंदिर श्वेतांबरांचं, पण तिथे कसला भेद आठवतो? मी चपला काढायला वाकले, तर मुलगा हळूच म्हणाला, "आई, इथे नाही काढत." मनातल्या मनात णमोकार म्हटला आणि खाली उतरले.

द फॉरेस्टवर माझा राग आहे का? कारखान्याबद्दल अजिबात नाही. त्याने नक्षी उतरवली, घरं जागेवर राहू दिली, मिस्त्रींच्या हाताला काम दिलं. त्या मिस्त्रींची नावं कुणी घेत नाही, एवढी एक खंत. पण तो मंडप पाहून घशात काहीतरी अडकलं ते अडकलंच. नीट जपलाय, स्वच्छ आहे, लहान मुलं मान वर करून बघतात. फक्त त्याच्याखाली पूजा होत नाही.

परत आल्यावर पुतणीला विचारलं, आपल्या लाकडाचं तू काय करशील? ती म्हणाली, "काकू, जुन्याला मी करवत लावणार नाही. कागद ठेवून शिशाने घासून वेल उतरवते आणि नव्या सागात मोठी करून कोरते." तिने बाक केला. वाड्यावर वीतभर असलेलं पान बाकावर हातभर झालंय, देठ वळून पाठ टेकायची जागा झाली आहे. भगवंत तिने घेतलेच नाहीत. "ज्याच्यावर बसायचं, तिथे ते नकोत," एवढंच म्हणाली.

खांब आणि तोडे विकले. पैसे जाऊबाईंकडे गेले आणि ते योग्यच झालं. व्यापाऱ्याने पट्टीचे वेगळे पैसे देऊ केले होते, तेव्हा जाऊबाईच म्हणाल्या, "ती सोडून बोला."

बाक आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत आहे. सासूबाई पहिल्यांदा काठावर टेकल्या, मग तांदूळ निवडायला ऐसपैस बसल्या. पट्टी देवघरावर लावायची होती. सुतार माप घेऊन म्हणाला, भिंत अपुरी पडतेय, दोन्हीकडून वेल थोडी थोडी कापावी लागेल. सासूबाईंनी त्याला चहा दिला आणि देवघर हॉलच्या लांब भिंतीवर हलवायला सांगितलं. टीव्ही आता आतल्या खोलीत आहे.