एकदा विकलेला माल

परदेशातून पुण्याला गेलेल्या माणसाला पहिले दोन दिवस सगळंच गोड लागतं. रिक्षावाल्याचं तिरकं बोलणं, दुपारी एक ते चार बंद दुकानं, पाट्या, सगळ्याचं कौतुक वाटतं. तिसऱ्या दिवशी काहीतरी विकत घ्यायची वेळ येते. त्यानंतर काही बिघडलं की परत द्यायची वेळ येते, आणि मग कौतुक जरा कमी होतं. माझं तसंच झालं, त्याची ही हकिकत.

2023 सालच्या दिवाळीआधी मी तीन आठवडे आईकडे होते, सदाशिव पेठेत. आईचा जुना मिक्सर अखेर बंद पडला होता. दिवाळी तोंडावर, भाजण्या आणि चटण्या व्हायच्या होत्या. म्हणून मी यायच्या दोन दिवस आधीच आईनं नवा मिक्सर आणून ठेवला होता. पहिल्या दिवशी तो छान चालला. तिसऱ्या दिवशी खोबरं-लसणाची चटणी वाटताना त्यातून जळका वास आला, एकदा घरघरला आणि गप्प झाला. मी म्हटलं, “चल, परत देऊन येऊ. त्यात काय एवढं?” आई काहीच बोलली नाही. तिथेच मला समजायला हवं होतं.

संध्याकाळी आम्ही दोघी निघालो. दिवाळीच्या आठवड्यात लक्ष्मी रस्त्यावर चालायचं म्हणजे आपण चालत नाही, गर्दी आपल्याला पुढे नेते. साड्यांची दुकानं, सराफ, फुटपाथवर पणत्या आणि रांगोळीचे ढीग. पिशवीतला मिक्सर प्रत्येकाच्या गुडघ्याला लागत होता. लक्ष्मी रस्ता सोडून बुधवार पेठेत शिरलं की तापकीर गल्ली. वायर, दिवे, पंखे, माळा, विजेवर चालणारं जे म्हणाल ते तिथे मिळतं. दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं दुकानाच्या पायरीवर चढायचं, एवढीच रुंदी. त्या भागातलंच हे दुकान. काउंटरच्या मागे, गणपतीच्या तसबिरीखाली, लाल अक्षरांत पाटी: ‘एकदा विकलेला माल कोणत्याही परिस्थितीत परत घेतला अथवा बदलून दिला जाणार नाही.’

दुकानदारांनी आईला ओळखलं. “या बाई, या.” पिशवी पाहिली आणि चेहरा बदलला. “हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या. आमचं काम विकायचं.”

“अहो, पण घेऊन आठवडासुद्धा झाला नाही,” मी म्हटलं.

“ताई, मशीन आहे. मी थोडाच आत शिरून बघितलंय?”

मग माझ्या तोंडून ते वाक्य गेलं, जे आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडून कधी ना कधी जातं. “आमच्याकडे लंडनला असं चालत नाही!”

“मग मिक्सर लंडनहूनच आणायचा होता,” ते शांतपणे म्हणाले. काउंटरवर माळा बघत असलेली चार माणसं हसली. मी लाल झाले, आवाज चढवला, ‘ग्राहक’, ‘हक्क’, ‘कोर्ट’ असे बरेच शब्द वापरले. आईनं माझा हात धरला आणि मला बाहेर आणलं.

मंडईपर्यंत ती काही बोलली नाही. कोथिंबिरीची जुडी घेतली, पैसे दिले, आणि मग म्हणाली, “तू पंधरा दिवसांनी विमानात बसशील. मला याच रस्त्यानं रोज जायचंय. त्याच्या दोन्ही मुलांना मी शिकवलंय.” यावर काय उत्तर द्यायचं? मला काही सुचलं नाही.

रात्री झोप येईना तेव्हा जरा प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. लंडनला खरंच ‘असं चालत नाही’ का? काही वर्षांपूर्वी आमचं कपडे धुण्याचं यंत्र दोन महिन्यांत बिघडलं, तेव्हा दुकानातल्या गोऱ्या मुलानं अतिशय गोड आवाजात हेच सांगितलं होतं: उत्पादक कंपनीला फोन करा. शेजारच्या आजींनी मला शहाणं केलं. तुझा करार दुकानाशी आहे, कंपनीशी नाही, असं त्या म्हणाल्या. तिथल्या 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार सदोष वस्तू तीस दिवसांत परत देऊन पूर्ण पैसे मागता येतात. त्यानंतर दुकानाला दुरुस्तीची किंवा बदलून देण्याची एक संधी मिळते, आणि पहिल्या सहा महिन्यांत दोष दिसला तर तो मुळापासूनच होता असं धरलं जातं. हे सांगितल्यावर त्याच मुलानं मुकाट्यानं मॅनेजरला बोलावलं. म्हणजे तिथल्या सौजन्यामागेही कायदा उभा आहे, आणि तो ठाऊक असलेल्या आजी आहेत.

मग आपल्याकडे कायदा नाही का? आहे, आणि चांगला आहे. पहिला ग्राहक संरक्षण कायदा 1986 मध्ये आला. त्याच्याही आधी, 1974 मध्ये, याच पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली होती. 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत निघाली. पार्ल्याची माझी मावशी तिची सभासद. शेजारच्या बिऱ्हाडांचा गट करून महिन्याचं सामान एकत्र मागवायचं आणि घरात बसून वाटून घ्यायचं, हे लहानपणी मी पाहिलंय. 1986 च्या जागी आता 2019 चा कायदा आहे, तो 20 जुलै 2020 पासून लागू झाला. सदोष माल परत घ्यायला नकार देणं, बिलात दिलेल्या मुदतीत आणि मुदत दिली नसेल तर तीस दिवसांत पैसे परत न करणं, ही त्या कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. म्हणजे माल सदोष असेल तर त्या लाल पाटीला काही अर्थ उरत नाही. तक्रार आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे करता येते, वकील लागत नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीसुद्धा नाही.

सकाळी हे सगळं मी आईला मोठ्या उत्साहानं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बिल नाहीये.”

“म्हणजे?”

“कच्ची चिठ्ठी घेतली. पाचशे रुपये कमी झाले.”

आता बोला! बिल न देणं हीसुद्धा त्याच कायद्यात अनुचित प्रथा आहे, पण इथे बिल आम्हीच नको म्हटलं होतं. कर दुकानदारानं बुडवला, तसा आम्हीही बुडवला होता. मी गप्प बसले. सुदैवानं वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का होता, तारीख होती, यंत्राचा नंबर होता.

त्या दुपारी आई टेबलाशी बसली आणि तिनं पत्र लिहिलं. शाळेतल्या फळ्यावरच्या अक्षरात, एक पान. मिक्सर केव्हा घेतला, केव्हा बिघडला, कायदा काय सांगतो, आणि आठ दिवसांत उत्तर न आल्यास जिल्हा आयोगाकडे अर्ज करीन. खाली सही. झेरॉक्स काढून एक प्रत स्वतःकडे ठेवली. वसुबारसेला, 9 नोव्हेंबरला, ती पुन्हा दुकानात गेली. मला म्हणाली, “तू बाहेर थांब. आणि लंडनचं नाव काढू नकोस.”

मी पायरीवरून ऐकत होते. दुकानदारांनी पत्र उभ्यानंच वाचलं. “अहो बाई, पत्र कशाला? नुसतं सांगायचंत.”

“सांगितलं होतं,” आई म्हणाली. “परवा.”

जरा वेळ कोणीच बोललं नाही. मग त्यांनी नोकराला वरून दुसरा खोका काढायला सांगितला, तिथल्या तिथे लावून चालवून दाखवला. आई म्हणाली, “पक्कं बिल करा. फरकाचे पैसे देते.” पाचशे रुपये मोजून दिले. ते नको नको म्हणाले. तिनं बिलावरची तारीख तपासली, घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि धाकट्या मुलाची चौकशी केली.

त्या दिवाळीत चटणी झाली, भाजणीही झाली. ती पाटी अजून तिथेच आहे. पुढच्या वर्षी गेले तेव्हा मुद्दाम पाहिली. आई अजून तिथूनच खरेदी करते, फक्त बिल घेऊन.

आपण मंडळी दर वर्षा-दोन वर्षांनी गावी जातो, दुकानात भांडतो आणि परत येऊन त्याचे किस्से सांगतो. मीही सांगितले आहेत. या वेळी जाल तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांना 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून द्या, बिलं ठेवायला एक फाइल करून द्या, आणि पाचशे रुपये वाचतात म्हणून चिठ्ठीवर खरेदी करू नका. भांडायचं की नाही, हे मात्र त्यांच्यावर सोडा. तो रस्ता रोज त्यांना तुडवायचा असतो.